चौथं करडू

जळकोटला ज्या मावशींच्या ओट्यावर मी बसलो होतो, त्या शेळ्यांचा हिशेब बोटांच्या पेरांवर ठेवतात. "काळीला दोन, दोन्ही पाटी. भुंडीला दोन, एक पाट, एक बोकड. बांडीला एकच. बांडीच्या लेकीला बी एकच." अंगठा पेरांवरून सरकत गेला आणि थांबला. मी विचारलं, बांडी दर वेताला एकच देते का? "न्हाई ओ दादा, आधी दोन-दोन द्यायची. औंदाच एक." आणि बोकड कोणता लावला होता? मावशींनी दावणीच्या टोकाला बांधलेल्या तकतकीत काळ्या बोकडाकडे मान वळवली. "घरचाच की. त्यो बांडीचाच हाय, थोरला."

बांडीला तिचाच मुलगा लावला होता, आणि तिच्या लेकीला सख्खा भाऊ. दोघींना एकेकच करडू झालं. यावरून लगेच काही सिद्ध होत नाही. यंदा चारा कमी पडला असेल, उन्हाळा बाधला असेल. पण त्या ओट्यावर एक प्रश्न माझ्या मनात आला आणि तो अजून गेलेला नाही. मावशींच्या पेरांवर जन्मलेल्या करडांची संख्या होती. जी पोटात रुजली आणि जन्मलीच नाहीत, त्यांना पेर कुठलं?

हे जळकोट तुळजापूर तालुक्यातलं, नळदुर्गच्या पुढचं, सोलापूर–हैदराबाद रस्त्यावरचं. लातूर जिल्ह्यातला जळकोट तालुका वेगळा. हा सगळा मुलूख उस्मानाबादी शेळीचा. जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं, शेळीचं नाव उस्मानाबादीच राहिलं. बहुतेक काळी, काही पांढऱ्या ठिपक्यांच्या. अवर्षणात टिकणारी, आणि मुख्य म्हणजे जुळी देणारी. शेळीला गरिबाची गाय म्हणतात, पण इथे ती गरिबाची बचतही आहे. मुलीची फी, दवाखाना, पेरणीचं बियाणं, सगळं एका बोकडाच्या विक्रीवर निघतं. म्हणून एका वेताला दोन की एक, हा इथे घरखर्चाचा सवाल असतो.

आनुवंशशास्त्रातला एक फार जुना धडा नेमका याच सवालाला जाऊन भिडतो. मी तो वर्षानुवर्षं वर्गात शिकवला आणि त्याचा खरा अर्थ मला उशिरा कळला.

मेंडेलचं ३:१ सगळ्यांना पाठ असतं. आई आणि बाप दोघांकडे एखाद्या जनुकाचं एक ठळक आणि एक दबकं रूप असेल, तर चार पिल्लांत सरासरी तिघांवर ठळक रूप दिसतं आणि एकावर दबकं. जनुकाच्या अशा रूपाला अलील म्हणतात. त्या तिघांतही एक असं असतं, ज्याला ठळक अलील दोन्हीकडून मिळालेलं असतं. उरलेल्या दोघांना एकाच बाजूने. आता समजा, हेच अलील एकटं आलं तर चालतं, पण दोन्हीकडून आलं तर जीव वाढूच शकत नाही. मग चारांतलं ते एक जन्मालाच येणार नाही. उरतील तीन: दोन ठळक, एक दबकं. ३:१ च्या जागी २:१.

फळ्यावर हे दोन मिनिटांत मांडून होतं, आणि इतक्या सहज उलगडतं म्हणूनच फसवतं. मुलांना वाटतं, कुणीतरी पिल्लं मोजली, २:१ आलं आणि उलगडा झाला. तसं झालं नव्हतं.

फ्रान्समधल्या नान्सी शहरात ल्युसियाँ क्यूनो पिवळ्या उंदरांवर काम करत होता. पिवळा रंग ठळक. पिवळ्याशी पिवळा जुळवला, तेव्हा १९०५ च्या त्याच्या नोंदींत २६३ पिवळी आणि १०० इतर रंगांची पिल्लं आली. हे आकडे घेऊन बसा. एकूण ३६३. ३:१ प्रमाणे २७२ आणि ९१ यायला हवीत. २:१ प्रमाणे २४२ आणि १२१. क्यूनोचा आकडा २:१ पेक्षा ३:१ च्याच जास्त जवळ आहे! नुसत्या गुणोत्तरावर विसंबला असता, तर सगळं ठीक आहे म्हणून त्याने वही मिटली असती. त्याला खटकलं ते वेगळंच. पिवळ्यांतले काही तरी शुद्ध निघायला हवेत, म्हणजे ज्यांची सगळी पिल्लं पिवळीच होतील असे. एकेक पिवळा उंदीर तो दुसऱ्या रंगाच्या उंदराशी जुळवत गेला. शुद्ध पिवळा एकही सापडला नाही. जो असायलाच हवा होता, तो कुठेच नव्हता.

क्यूनोने लावलेला अर्थ मात्र चुकला. त्याला वाटलं, पिवळं शुक्रबीज आणि पिवळं अंडं एकमेकांना स्वीकारतच नसावीत. १९१० मध्ये अमेरिकेत कॅसल आणि लिटल यांनी बाराशेहून अधिक पिल्लं मोजली, तेव्हा २:१ स्वच्छ दिसलं. शिवाय आणखी एक गोष्ट दिसली: पिवळ्या-पिवळ्या जोड्यांचं वेतच लहान होतं. मीलन होत होतं, गर्भ रुजत होता आणि मरत होता. पुढे काही वर्षांनी माद्यांच्या गर्भाशयात ते मेलेले गर्भ प्रत्यक्ष पाहण्यात आले.

वेत लहान होतं, हे वाक्य मी शेकडो वेळा वर्गात म्हटलं असेल. जळकोटच्या ओट्यावर मात्र ते पहिल्यांदा कानात शिरलं. "आधी दोन-दोन द्यायची. औंदा एक."

जुळं देणाऱ्या जनावरात मारक अलील किती सफाईने लपतं, ते पाहू. दोन्ही पालक वाहक आहेत, म्हणजे दोघांकडे ते अलील एकेरी आहे, आणि शेळीच्या पोटात दोन गर्भ आहेत असं धरू. प्रत्येक गर्भ मरण्याची शक्यता चारात एक. अशा सोळा गाभण शेळ्यांपैकी सरासरी नऊ जुळी देतील, सहा एकेक करडू देतील आणि एक रिकामी राहील. त्या सहा घरांत काय म्हणतील? "या वेताला एकच झालं." कुणीही म्हणणार नाही की एक मेलं. गर्भ लवकर गेला तर तो बाहेर पडत नाही, जिरून जातो. रक्त नाही, गाभडल्याची खूण नाही, रडणं नाही. सोळांतली जी एक रिकामी राहिली, तिच्यावर मात्र ठपका येतो: भाकड आहे, विकून टाका.

मला यात सगळ्यात जास्त खुपतं ते हेच. दोष बोकड आणि शेळी दोघांकडून सारखाच आलेला असतो. शिक्षा एकटीला होते.

एक गोष्ट इथे स्पष्ट करायला हवी. गुणोत्तर कधी मोजलं, यावर ते बदलतं. मारक अलील प्रत्येक वेळी पोटातच मारतं असं नाही. मध्य आशियातल्या काराकुल मेंढीचं उदाहरण घ्या. तिच्या कोकरांच्या राखी रंगाच्या कातड्याला मोठी किंमत होती, म्हणून राखी मेंढीला राखी नर जुळवला जाई. जन्माला येताना गुणोत्तर बरोब्बर ३:१. पण दोन्हीकडून राखी अलील मिळालेली कोकरं दूध सोडून चाऱ्यावर आली की खंगायची. त्यांच्या मोठ्या पोटाची, रवंथ करणाऱ्या कप्प्याची, मज्जासंस्था अपुरी घडलेली असायची. पोट फुगायचं आणि कोकरू जायचं. जन्माच्या दिवशी मोजलं तर ३:१, काही महिन्यांनी मोजलं तर २:१. मेंढपाळ म्हणणार, चारा बाधला. त्याच्या डोळ्यांना तेच दिसलं होतं.

उलट बाजूला आखूड पायांची क्रीपर कोंबडी. लांडाउअर आणि डन यांनी १९३० मध्ये क्रीपर-क्रीपर जोड्यांतून ७७५ आखूड पायांची आणि ३८८ साधी पिल्लं नोंदवली. २:१ याहून नेटकं दिसणार नाही. उरलेली पिल्लं अंड्यातच मेली होती. अंड्याचा एक फायदा आहे, ते फोडून पाहता येतं. शेळीचं पोट असं पाहता येत नाही.

या सगळ्या उदाहरणांत एक समान धागा आहे, आणि तो आपल्यासाठी महत्त्वाचा आहे. पिवळा रंग, राखी कातडी, बुटके पाय: माणसाला आवडलेल्या गोष्टी या. मारक अलील एकटं असताना जनावर नुसतं धडधाकट नसतं, पुष्कळदा तेच डोळ्यांत भरतं. आपण त्यालाच निवडतो, त्याचीच पैदास वाढवतो आणि ते अलील हातांनी गावभर पसरवतो.

'प्राणघातक' हा पुस्तकी शब्द मला म्हणूनच पुरा पटत नाही. वर्गात सिकल सेलचं उदाहरणही याच २:१ साठी देतात: दोन वाहकांच्या अपत्यांपैकी दुहेरी अलील मिळालेलं मूल मरतं, उरतात दोन वाहक आणि एक निरोगी. मीही तसंच शिकवलं. पण गडचिरोली-नंदुरबारमधली सिकल सेलची मुलं वेळेत निदान झालं, औषध मिळालं, संसर्गापासून जपलं तर मोठी होतात, शिकतात, संसार करतात. मग ते अलील प्राणघातक होतं, की दवाखाना चाळीस किलोमीटर लांब असणं प्राणघातक होतं? मृत्यू त्या अलीलमध्ये लिहून ठेवलेला नसतो. अलील दुहेरी होणं, ते कोणत्या परिस्थितीत होणं आणि आपण वेळेत पाहणं किंवा न पाहणं, या तिन्हींच्या जुळणीतून तो येतो. यातल्या दोन गोष्टी आपल्या हातात आहेत.

आता शेळीकडेच परत येतो, कारण तिच्यात निसर्गाने एक चकवा ठेवलेला आहे. उस्मानाबादी माद्यांत शिंगाळ्या असतात, तशा भुंड्याही. युरोपातल्या सानेन, अल्पाइन अशा जातींवरच्या अभ्यासात दिसलं की बिनशिंगीपणाचं ठळक अलील मादीला दोन्हीकडून मिळालं, तर ती मादी म्हणून वाढतच नाही. गुणसूत्रं मादीची आणि शरीर अर्धवट नराचं, वांझ. ॲस्डेलने १९४४ मध्ये भुंडेपण आणि हे उभयलिंगीपण यांचा संबंध जोडला. २००१ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञांना त्यामागचा डीएनएचा हरवलेला तुकडा सापडला. इथे कुणी मरत नाही. तरीही एकेरी अलीलचा भुंडा बोकड आणि भुंडी शेळी अशा जोडीच्या विणाऱ्या लेकी मोजल्या, तर भुंड्या आणि शिंगाळ्यांचं प्रमाण पुन्हा २:१ च येतं, आणि गोठ्यात माद्या कमी नि नर जास्त भासतात. करडू जिवंत आहे, पण वंशाच्या हिशेबात ते नाही. तिकडच्या पैदासकारांनी यावर साधा नियम केला: जोडीतलं एक तरी शिंगाळं हवं. बोकड निवडताना हा नियम आपल्याकडे पाळायला एक पैसा लागत नाही.

गाईंच्या बाबतीत हाच धडा फार महागात शिकावा लागला. १९६२ मध्ये अमेरिकेत जन्मलेल्या पॉनी फार्म अर्लिंडा चीफ या होल्स्टीन वळूच्या सुमारे सोळा हजार लेकी झाल्या. दूध वाढलं, जगभर त्याचा वंश गेला. त्याच्यासोबत एक बिघडलेलं जनुकही गेलं, जे दुहेरी झालं की गर्भ टिकत नाही. जवळपास पन्नास वर्षं ते कुणालाच दिसलं नाही. २०११ मध्ये व्हॅनरेडन आणि सहकाऱ्यांनी हजारो गाईंच्या डीएनएच्या नोंदी चाळल्या त्या उलट्या बाजूने. गोठ्यात काय आहे ते बाजूला ठेवून काय असायला हवं होतं आणि एकदाही दिसत नाही, ते त्यांनी शोधलं. गुणसूत्रांचे असे पाच तुकडे सापडले, जे एकेरी पुष्कळ गाईंत होते आणि दुहेरी एकीतही नव्हते. क्यूनोचा शुद्ध पिवळा उंदीर नव्हता, तसेच. चीफच्या त्या एका अलीलमुळे जगभरात पाच लाखांहून अधिक गर्भपात झाले असावेत, असा अंदाज २०१६ मध्ये मांडला गेला.

आपल्या गोठ्यात या पाच लाखांना एक शब्द आहे: उलटली. भरवलेली गाय तीन आठवड्यांनी, दोन महिन्यांनी पुन्हा माजावर आली की ती उलटली. रेतन करणाऱ्याचा हात वाईट, कांडी शिळी, गाईला उष्णता झाली, ही कारणं आपण देतो आणि बहुतेक वेळा त्यांतलंच एखादं खरं असतं. पण काही उलटलेल्या गाईंच्या पोटात एक वासरू थोडे दिवस जगून गेलेलं असतं. उरळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये बायफ ही संस्था उभी केली आणि संकरित गाय महाराष्ट्राच्या खेड्यांत पोचली. त्या दुधावर किती घरं उभी राहिली हे मी पाहिलं आहे. होल्स्टीन रक्त आलं तेव्हा त्यातली चांगली-वाईट सगळी अलीलं आली, हेही तितकंच खरं. वीर्य केंद्रांतल्या वळूंची अशा काही आनुवंशिक दोषांसाठी तपासणी करण्याचा नियम आज आपल्या देशात आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. गावच्या बोकडाला असा कुठलाच नियम नाही.

माझा मुख्य मुद्दा इथे येतो. प्रत्येक जीव काही मारक अलीलं घेऊन फिरतो. शेळी, वळू, तुम्ही, मी. एकेरी असताना ती बहुतेक गप्प असतात. ती भेटतात रक्ताच्या नात्यात. बांडी वाहक असेल, तर तिचा मुलगा वाहक असण्याची शक्यता निम्मी. तो तिलाच लावला, तर सरासरी दर आठ गर्भांत एक जाणार. बाहेरचा बोकड आणला, तर तेच अलील त्याच्याकडेही असण्याची शक्यता फार थोडी.

माणसांच्या बाबतीत आपण हे हजार वर्षं जाणतो. सोयरीक जुळवताना देवक पाहतो, गोत्र पाहतो, एक देवक निघालं तर उठून येतो. अर्थात हेही पुरतं खरं नाही. मामाची मुलगी आपल्याकडे हक्काची मानली गेली. उत्तरेची बंदी आणि दक्षिणेची मुभा महाराष्ट्रात कशी एकत्र नांदते, हे इरावती कर्व्यांनी १९५३ च्या नातेसंबंधांवरच्या ग्रंथात दाखवलं आहे. पण निदान आपण विचारतो तरी. बोकड दावणीला ठेवताना त्याची आई कोण, बाप कोण, हे कोण विचारतं? आणखी वाईट म्हणजे, भराभर वाढणारा उमदा बोकड बकरी ईदला किंवा जत्रेला आधी विकला जातो. मागे जो राहतो, त्याच्यावर पुढची दोन-तीन वर्षं गल्लीतल्या सगळ्या शेळ्या गाभण राहतात, त्याच्या लेकींसकट.

यावर जाणकार पशुपालक एक आक्षेप घेतील आणि तो रास्त आहे. शेळ्या गाभडतात त्या ब्रुसेलोसिससारख्या रोगाने, चारा-पाण्याच्या हालाने, मे महिन्याच्या उन्हाने. तुमच्या अलीलचा वाटा तो केवढा? थोडाच असेल. पण थोडा आहे हे तरी कशावरून ठरवायचं? रोगाने नुकसान झालं तर ते सगळ्या बोकडांच्या शेळ्यांत दिसेल. अलीलचं नुकसान एकाच बोकडाच्या नात्यातल्या शेळ्यांत साठेल, परक्या शेळ्यांत नाही. हा फरक पाहायला प्रयोगशाळा लागत नाही, नोंद लागते. एका मावशींच्या चार शेळ्यांवरून काहीच कळणार नाही. क्यूनोला ३६३ पिल्लांत गुणोत्तर कळलं नव्हतं. पण गावातल्या सगळ्या गोठ्यांच्या नोंदी बोकडवार एकत्र केल्या, तर दोन वर्षांत बोलू लागतील. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने हे जवळून दाखवलं आहे. सुंदरबनच्या गारोळ मेंढीतलं जुळ्यांचं जनुक त्यांनी दख्खनी मेंढीत आणलं, आणि त्यासाठी मेंढीगणिक, वेतागणिक कोकरंही मोजली. उस्मानाबादी शेळीच्या सुधारणेसाठीही ती संस्था पशुपालकांच्या दारात नोंदी ठेवते. गाई-म्हशींच्या कानात आता बारा आकडी बिल्ला आहे. रेतन कधी झालं, गाभण तपासणी कधी, व्याली कधी, हे त्यावर चढवता येतं. म्हणजे उलटलेली गायही आकड्यात येऊ शकते, कुणी मनापासून चढवली तर.

दुसरा आक्षेप उतावळ्यांचा असतो: मग वाहक जनावरं कापून टाका. मी याच्या पूर्ण विरोधात आहे. दोषरहित जनावर शोधत निघालात तर गोठा रिकामा होईल. चीफचा सगळा वंश त्याच्या अलीलपायी संपवला असता, तर त्याचं दूधही गेलं असतं. ज्या शास्त्रज्ञांनी नुकसान मोजलं, त्यांनीच त्याच्यापासून झालेला फायदा कितीतरी पट मोठा दाखवला. उपाय एवढाच, वाहकाला वाहक जुळवू नये. बोकड दोन वर्षांनी बदलावा, गावागावांत अदलाबदल करावी, भुंड्याला भुंडी लावू नये. उस्मानाबादीसारखी जात टिकायची तर तिच्यातलं सगळं वैविध्य टिकायला हवं, ज्याला आपण आज दोष म्हणतो त्याच्यासकट.

निघताना मी मावशींच्या नातीची शाळेची जुनी वही मागून घेतली. रकाने पाडले: शेळी, बोकड, बोकड लावला ती तारीख, व्याली ती तारीख, करडं. शेवटचा रकाना पाडला आणि त्यावर काय लिहावं ते मला सुचेना. मावशींनी विचारलं, "जे झालंच न्हाई, ते कसं लिव्हायचं ओ?" नातीने थोडा विचार केला आणि वर लिहिलं, 'पुन्हा माजावर आली का? गाभडली का? आधी किती द्यायची?' मग पहिल्या ओळीत बांडीचं नाव घातलं. बोकड: घरचा, तिचाच मुलगा. करडं: १. आधी: २.

पुढच्या माजाला बांडीसाठी अणदूरहून बोकड आणायचं मावशींनी कबूल केलं. शिंगाळाच बघते, म्हणाल्या.